महाराष्ट्रातील चित्रकथा प्रकाशन आणि स्त्रिया

महाराष्ट्रातील चित्रकथा प्रकाशन आणि स्त्रिया या विषयात मुंबई-पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या चित्रकथांमधील (कॉमिक्समधील) स्त्रीपात्रे, त्या चित्रकथा वाचणाऱ्या मुली व स्त्रिया आणि या व्यवसायात काम केलेल्या लेखिका, संपादिका व चित्रकर्त्या यांचा विचार होतो. भारतातील चित्रकथा व्यवसायाचे मुंबई हे आरंभापासून एक प्रमुख केंद्र आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ (१९६४), ‘अमर चित्रकथा’ (१९६७) आणि ‘टिंकल’ (१९८०) ही तीनही प्रकाशने याच शहरातून निघाली. त्यांपैकी पहिल्या दोन मालिका मराठी भाषेतही उपलब्ध होत्या.

या प्रकाशनांमध्ये स्त्रीपात्रांची उणीव सर्वत्र सारखी नव्हती. साहसकथांमध्ये स्त्री बहुधा नायकाची सोबतीण म्हणून येते, तर पौराणिक व ऐतिहासिक मालिकांमध्ये अनेक अंकांची शीर्षकेच स्त्रियांच्या नावांची आहेत. मात्र नायिका असणे आणि वाचक म्हणून मुलीचा विचार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या विषयाच्या अभ्यासातील मध्यवर्ती मुद्दा आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत ‘चित्रकथा’ हा शब्द चौकटींमध्ये क्रमाने रेखाटलेल्या आणि संवादांचे फुगे असलेल्या कथेसाठी वापरला जातो. बोलीत ‘कॉमिक’ किंवा ‘कॉमिक्स’ हे शब्द अधिक रूढ आहेत. वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या तीन-चार चौकटींच्या मालिकेला ‘चित्रपट्टी’, तर प्रौढ वाचकांसाठीच्या दीर्घ पुस्तकाला ‘चित्रकादंबरी’ असे म्हणतात. एका चौकटीतले व्यंगचित्र हा वेगळा प्रकार असला, तरी वाचक आणि चित्रकार यांच्या दृष्टीने तो चित्रकथेच्या शेजारचा असल्याने त्याचाही येथे संक्षेपाने उल्लेख केला आहे.

पार्श्वभूमी

स्त्री हा स्वतंत्र वाचकवर्ग आहे, ही जाणीव मराठी नियतकालिकांच्या व्यवसायात चित्रकथांच्या बरीच आधीपासून होती. किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर’ (१९२०) मासिकाच्या पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिक सुरू झाले आणि त्याने मध्यमवर्गीय मराठी स्त्रियांचा मोठा वाचकवर्ग घडवला. चित्रकथांच्या प्रकाशकांनी मात्र वाचकांची विभागणी लिंगानुसार न करता वयानुसार केली. त्यांचे ग्राहक म्हणजे ‘मुले’ होती.

मराठीत ‘मुले’ हा शब्द मुलगे आणि मुली या दोहोंना सामावून घेतो. पण वाचकांना उद्देशून बालसाहित्यात सर्रास वापरली जाणारी ‘बालमित्रांनो’ किंवा ‘छोट्या दोस्तांनो’ ही संबोधने व्याकरणाने पुल्लिंगी आहेत. मुली वाचकवर्गात गृहीत होत्या, परंतु त्यांना वेगळे संबोधन क्वचितच होते. ब्रिटन, अमेरिका आणि जपान येथे मुलींसाठी स्वतंत्र चित्रकथा-नियतकालिके निघाली, तशी परंपरा मराठीत निर्माण झाली नाही. परिणामी मराठी मुलींच्या काही पिढ्यांनी मुलग्यांच्याच चित्रकथा वाचल्या.

इंद्रजाल कॉमिक्स

बेनेट, कोलमन आणि कंपनी या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. ती १९९० पर्यंत चालली. पहिल्या बत्तीस अंकांमध्ये अमेरिकी लेखक ली फॉक यांच्या ‘फँटम’च्याच कथा होत्या. मराठी वाचकांना हा नायक ‘वेताळ’ या नावाने परिचित झाला. त्यानंतर जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी इत्यादी पात्रे आली.

या कथा मूळ अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी लिहिलेल्या होत्या. त्यामुळे त्यांतील स्त्रियांची भूमिका मुंबईतील संपादकांनी ठरवलेली नव्हती, ती आयात झालेली होती. वेताळाची प्रेयसी डायना पामर ही खेळाडू असून पुढे संयुक्त राष्ट्रांसाठी काम करणारी स्वावलंबी स्त्री म्हणून रंगवलेली आहे. तरीही अनेक कथांमध्ये तिचे अपहरण होणे आणि वेताळाने तिची सुटका करणे हाच कथानकाचा कणा असतो. मूळ चित्रपट्टीत या दोघांचा विवाह १९७७ मध्ये झाला. मँड्रेकची सखी नार्डा ही राजकन्या आहे, पण कथेची सूत्रे मँड्रेककडेच असतात. वेताळाचा वारसा बापाकडून मुलाकडे जातो. सतराव्या वेताळाची बहीण ज्युली हिने भावाच्या जागी त्याचा पोशाख चढवल्याची कथा या नियमाला अपवाद ठरते.

डिसेंबर १९७६ मध्ये ‘बहादूर’ हा भारतीय नायक या मालिकेत दाखल झाला. त्याची निर्मिती मुंबईस्थित लेखक आबिद सुरती यांनी केली आणि आरंभीची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली. दरोडेखोरांविरुद्ध लढणाऱ्या बहादूरसोबत बेला ही तरुणी मोहिमांमध्ये असते. परदेशी नायिकांच्या तुलनेत बेला भारतीय वाचक मुलींना अधिक जवळची होती. मात्र मुखपृष्ठावरचे नाव बहादूरचेच राहिले.

अमर चित्रकथा

स्थापना

‘अमर चित्रकथा’चे संस्थापक-संपादक अनंत पै (१९२९–२०११) हे त्याआधी टाइम्स समूहात इंद्रजाल कॉमिक्सच्या कामाशी संबंधित होते. मालिकेच्या स्थापनेची हकिकत ते अनेकदा सांगत. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना ग्रीक पुराणांतील प्रश्नांची उत्तरे देता आली, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. भारतीय मुलांना भारतीय कथा कळाव्यात, या हेतूने त्यांनी मुंबईच्या इंडिया बुक हाउस या संस्थेमार्फत मालिका सुरू केली. ज्या मालिकेचा आरंभ एका विस्मृत मातेच्या नावाशी जोडला जातो, तिच्यात स्त्रियांना कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटला आहे.

नायिकांची निवड

अकराव्या क्रमांकाचा ‘कृष्ण’ हा भारतीय विषयावरचा पहिला अंक होय. त्यानंतरचा लगेचचा अंक ‘शकुंतला’ होता आणि थोड्याच अंतराने ‘सावित्री’ व ‘नल-दमयंती’ हे अंक आले. पुढे द्रौपदी, मीराबाई, पद्मिनी, झाशीची राणी, राणी दुर्गावती, रझिया सुलताना, नूरजहाँ, कण्णगी, आम्रपाली इत्यादींवर स्वतंत्र अंक निघाले. महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट संबंध असलेली नायिका म्हणजे अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी चांदबिबी होय. त्या काळातील अन्य कोणत्याही भारतीय चित्रकथा-मालिकेत इतक्या स्त्रिया शीर्षकस्थानी आढळत नाहीत. आधुनिक काळातील कर्तबगार स्त्रियांचा समावेश मात्र उशिरा झाला. अंतराळवीर कल्पना चावला यांच्यावरील अंक २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आदर्श पत्नी आणि वीरांगना

या नायिकांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार पतिव्रतेचा आहे. त्यात सावित्री, दमयंती, शकुंतला, कण्णगी यांच्या कथा येतात व त्यांत स्त्रीची बुद्धी, धैर्य आणि वाक्चातुर्य पतीसाठी खर्च होते. दुसरा प्रकार वीरांगनेचा आहे. त्यात राणी राज्य चालवते आणि शस्त्र धरते, परंतु बहुतेक वेळा पती, पिता किंवा पुत्र यांच्या अभावी तिच्यावर ही जबाबदारी येते.

‘मीराबाई’ या अंकाची विशेष चर्चा झाली आहे. त्याची संहिता कमला चंद्रकांत यांची आणि चित्रे युसूफ लियन यांची आहेत. राजघराण्याची बंधने झुगारणाऱ्या मीरेला या अंकात कर्तव्यदक्ष पत्नी म्हणून सादर केले आहे. त्यामुळे तिच्या बंडखोरीची धार बोथट झाली, असा आक्षेप घेतला जातो.

‘पद्मिनी’ या अंकाचा शेवट जोहाराने होतो. १९८७ मध्ये राजस्थानातील देवराला येथे रूपकंवर हिच्या मृत्यूनंतर देशभर वादंग माजले आणि त्याच वर्षी सती प्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्याने सतीप्रथेच्या उदात्तीकरणासही बंदी घातली. या पार्श्वभूमीवर आत्मदहन हा स्त्रीच्या सन्मानाचा मार्ग म्हणून लहान मुलांपुढे ठेवावा का, हा प्रश्न अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला. प्रकाशनाच्या समर्थकांच्या मते मालिकेने परंपरेतील कथा आहेत तशा सांगितल्या. टीकाकारांच्या मते शेकडो कथांमधून कोणती कथा निवडायची आणि ती कोठे संपवायची, हा निर्णय संपादकीयच असतो.

चित्रण

‘अमर चित्रकथा’च्या चित्रशैलीवर राजा रविवर्मा यांची चित्रे, छापील दैवतचित्रे आणि हिंदी चित्रपट यांचा प्रभाव दिसतो. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम इत्यादी महाराष्ट्रीय चित्रकारांनी ही शैली घडवली. नायिका बहुधा गौरवर्णी, सडपातळ आणि अलंकारांनी मढलेली असते. राक्षसी किंवा दुष्ट स्त्री सावळी अथवा काळी आणि स्थूल रेखाटली जाते. पौराणिक नायिकांचे तोकडे कंचुकीवस्त्र आणि कमनीय देहरेखा यांवरही टीका झाली. मुलांसाठीच्या, शाळांनी शिफारस केलेल्या पुस्तकातही स्त्रीदेह प्रौढ पुरुषाच्या नजरेतून रेखाटला गेला, असा या टीकेचा आशय आहे.

लेखिका आणि चित्रकर्त्या

या प्रकाशनात स्त्रिया आरंभीच्या काळापासून कार्यरत होत्या. कमला चंद्रकांत या सहसंपादक होत्या आणि त्यांनी अनेक संहिता लिहिल्या. ‘झाशीची राणी’ या अंकाची संहिता माला सिंग यांची, तर चित्रे हेमा जोशी यांची आहेत. लेखिका आणि चित्रकर्ती अशा दोघीही स्त्रिया असलेला हा अंक मालिकेतील सर्वाधिक परिचित अंकांपैकी एक आहे. नंतरच्या काळात रीना पुरी यांनी कार्यकारी संपादक म्हणून काम पाहिले. तथापि मुखपृष्ठावर आणि लोकस्मृतीत मालिकेची ओळख ‘अंकल पै’ या एकाच नावाशी जोडलेली राहिली.

टिंकल

एप्रिल १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘टिंकल’ या इंग्रजी नियतकालिकाने पुराणकथांऐवजी विनोद, विज्ञान आणि लोककथा यांवर भर दिला. राम वाईरकर यांनी रेखाटलेला सुप्पंडी, वसंत हळबे यांनी रेखाटलेला शिकारी शंभू, कालिया कावळा आणि तंत्री मंत्री ही त्यातील गाजलेली पात्रे होत. ही चारही प्रमुख पात्रे पुरुष किंवा नर आहेत. शिकारी शंभूची पत्नी शांती ही दुय्यम पात्र असून तिच्या दरडावण्यातून विनोद साधला जातो.

वाचकांशी असलेल्या नात्याच्या बाबतीत मात्र ‘टिंकल’ वेगळे ठरले. वाचकांनी पाठवलेल्या कथा त्यांच्या नावासह छापण्याची प्रथा त्याने पाळली. सुप्पंडीची मूळ कथाही एका वाचकाकडूनच आली होती. यामुळे वाचक मुलींची नावे अंकात दिसू लागली. पात्रांच्या जगात मुली अल्पसंख्य असताना वाचकांच्या पानांवर त्या उपस्थित होत्या.

ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न पुढे संपादकीय पातळीवर झाला. रजनी थिंडियत संपादक असताना २०१५ मध्ये ‘विंगस्टार’ ही महानायिका ‘टिंकल’मध्ये आली. मिझोरममधील ऐझॉल येथे राहणारी मापुई कावलिम ही तेरा वर्षांची मुलगी या कथांची नायिका आहे. तिच्या शक्ती जन्मजात किंवा दैवी नसून वडिलांनी तयार केलेल्या उपकरणांतून आलेल्या आहेत. गुन्हेगारांना पकडण्याइतकाच गृहपाठ आणि मित्रमैत्रिणी यांचाही तिला विचार असतो. मुलगी आणि ईशान्य भारतातील रहिवासी, अशा दोन दुर्लक्षित घटकांना तिने एकाच वेळी केंद्रस्थानी आणले. याच काळात सुप्पंडीच्या चित्रांची जबाबदारी राम वाईरकर यांच्या कन्या अर्चना आंबेरकर सांभाळत होत्या.

व्यंगचित्रे आणि चित्रपट्ट्या

मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ‘आवाज’ हा दिवाळी अंक ‘खिडकीचित्रां’साठी प्रसिद्ध आहे. पानाला पाडलेल्या खिडकीतून दिसणारा भाग शृंगारिक अर्थ सुचवतो आणि पान उलटल्यावर चित्र निरुपद्रवी असल्याचे कळते. या युक्तीचा विनोद बहुतांशी स्त्रीदेहाच्या सूचनेवर उभा असतो आणि पाहणारा पुरुष आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दिवाळी अंक हे घरातील सर्वजण वाचत असल्याने या चित्रांच्या वाचकांत स्त्रियाही होत्या.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रपट्टी २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. तिचे संग्रह पुस्तकरूपानेही निघाले. शीर्षकपात्र मुलगा असला, तरी त्याच्या मित्रमंडळींत मिनी ही मुलगी आहे. येथे मुलगी संकटात सापडणारी किंवा शोभेची न राहता खेळगड्यांपैकी एक होते. वर्तमानपत्र घरातील सर्वांच्या हाती पडत असल्याने या पट्टीचा वाचकवर्ग प्रारंभापासूनच मिश्र होता.

विक्री, खरेदीदार आणि वाचक मुली

चित्रकथेचा वाचक आणि तिचा खरेदीदार हे बहुधा वेगवेगळे असतात. साहसकथांचे अंक वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर, रेल्वे स्थानकांवरील दुकानांत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत मिळत. ‘अमर चित्रकथा’ने याच्या जोडीला शाळा आणि पालक यांच्याकडे लक्ष वळवले. चित्रकथांचा शिक्षणातील उपयोग पटवून देण्यासाठी १९७८ मध्ये दिल्लीत परिसंवादही घेण्यात आला.

या विक्रीपद्धतीचा स्त्रियांच्या दृष्टीने दुहेरी परिणाम झाला. शाळेच्या ग्रंथालयात पोहोचल्यामुळे चित्रकथा मुलींना सहज उपलब्ध झाली, कारण त्यासाठी टपरीवर जाण्याची किंवा स्वतःच्या हातात पैसे असण्याची गरज उरली नाही. दुसरीकडे, पालक आणि शिक्षक यांना रुचेल असाच आशय ठेवण्याकडे प्रकाशकांचा कल वाढला. कुटुंबव्यवस्थेला प्रश्न विचारणारी नायिका अशा यादीत बसणे अवघड होते.

चित्रकादंबरी आणि नवे प्रवाह

२००० नंतर प्रौढ वाचकांसाठीच्या चित्रकादंबऱ्यांमुळे हे चित्र बदलू लागले. पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची ‘कारी’ (२००८) ही इंग्रजी चित्रकादंबरी त्यांतील महत्त्वाचा टप्पा आहे. धुरकट महानगरात जाहिरातसंस्थेत काम करणारी समलिंगी तरुणी तिची नायिका आहे. पाटील यांनी नंतर ‘आदिपर्व’ (२०१२) आणि ‘सौप्तिक’ (२०१६) या ग्रंथांतून महाभारताची नव्याने मांडणी केली. त्यांना २०१६ चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रातील समाजसुधारणेचा इतिहासही या काळात चित्रकथेत आला. ‘भीमायन’ (२०११) या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावरील पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने काढली. त्याच वर्षी श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथावर आधारित इंग्रजी चित्रकथा सिद्ध केली. तिच्यात सावित्रीबाई फुले यांना ठळक स्थान असून लेखिका आणि चित्रकर्ती स्वतःही पात्रे म्हणून वावरतात.

रामायणाच्या बाबतीत ‘सीताज रामायणा’ (२०११) हे पुस्तक उल्लेखनीय आहे. संहिता अर्णी यांचे लेखन आणि बंगालमधील पटुआ चित्रकर्ती मोयना चित्रकार यांची चित्रे असलेल्या या पुस्तकात परित्यक्ता सीता दंडकारण्याला आपली कथा सांगते. नाशिकची पंचवटी परंपरेने याच दंडकारण्यात मानली जाते. शूर्पणखेचे नाक कापल्याचा आणि सीताहरणाचा प्रसंगही तेथेच घडल्याची श्रद्धा आहे. नायकाच्या पराक्रमाचे निमित्त म्हणून येणारे हे प्रसंग येथे स्त्रीच्या निवेदनातून वाचकापुढे येतात.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर राम देवीनेनी व सहकाऱ्यांनी ‘प्रियाज शक्ती’ (२०१४) ही चित्रकथा तयार केली. तिची नायिका अत्याचारातून वाचलेली स्त्री आहे. आम्लहल्ल्यावरील दुसऱ्या भागाच्या (२०१६) लेखनात मुंबईच्या लेखिका व चित्रपटकर्त्या पारोमिता व्होरा यांचा सहभाग होता. यांपैकी बहुतेक पुस्तके इंग्रजीत असल्याने केवळ मराठी वाचणाऱ्या मुलींपर्यंत हा बदल मर्यादित प्रमाणातच पोहोचला.

इतर ठिकाणांशी तुलना

हिंदी चित्रकथांमध्ये व्यंगचित्रकार प्राण (१९३८–२०१४) यांनी ‘पिंकी’ ही लहान मुलगी आणि ‘श्रीमतीजी’ ही गृहिणी यांना शीर्षकपात्र केले. राज कॉमिक्सच्या सुपर कमांडो ध्रुवची बहीण श्वेता ही ‘चंडिका’ या गुप्त नावाने गुन्हेगारांशी लढते.

अमेरिकेत १९४७ मध्ये ‘यंग रोमान्स’पासून मुलींसाठीच्या प्रेमकथांची लाट आली. पुढे महानायकांच्या कथांचे वर्चस्व वाढल्यावर हा वाचकवर्ग दुरावला. नायकाला सूडास प्रवृत्त करण्यासाठी स्त्रीपात्रांना ठार मारण्याच्या प्रथेकडे लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये लक्ष वेधले. ब्रिटनमध्ये ‘गर्ल’ (१९५१), तर जपानमध्ये ‘नाकायोशी’ (१९५४) आणि ‘रिबोन’ (१९५५) ही खास मुलींसाठीची नियतकालिके निघाली. जपानमध्ये पुढे स्त्री चित्रकथाकारांची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. फ्रान्समधील आंगुलेम महोत्सवाच्या २०१६ च्या सर्वोच्च पुरस्कारासाठी जाहीर झालेल्या तीस नावांत एकही स्त्री नव्हती. त्याचा निषेध म्हणून अनेक चित्रकारांनी आपली नावे मागे घेतली.

समीक्षा

‘अमर चित्रकथा’वरील नंदिनी चंद्र (२००८) आणि कार्लिन मॅक्लेन (२००९) यांचे ग्रंथ या विषयाच्या अभ्यासात आधारभूत मानले जातात. मॅक्लेन यांनी लेखक, चित्रकार व वाचक यांच्याशी झालेल्या संवादांचाही अभ्यासात उपयोग केला. चित्रकथेचा अर्थ केवळ संपादकाच्या हेतूवर ठरत नाही, याकडे असे अभ्यास लक्ष वेधतात. झाशीच्या राणीची गोष्ट वाचणारी मुलगी तिच्यातील राजनिष्ठेपेक्षा घोडेस्वारी लक्षात ठेवू शकते. यमाशी वाद घालणाऱ्या सावित्रीत तिला पतिव्रता दिसण्याऐवजी वादात जिंकणारी स्त्री दिसू शकते.

मात्र वाचक मुलीने स्वतः अर्थ शोधला, म्हणून प्रकाशकाची जबाबदारी संपत नाही, असेही मत मांडले जाते. मराठी चित्रकथांच्या बाबतीत शीर्षकांतील स्त्रियांची संख्या आरंभापासून लक्षणीय होती. मुलीला उद्देशून आणि तिच्या रोजच्या जगाविषयी लिहिलेली कथा मात्र दुर्मिळ राहिली. संपादकीय निर्णय स्त्रियांच्या हाती आल्यानंतरच्या काळात, मुख्यतः इंग्रजीत, ही उणीव काही अंशी भरून निघाली. मराठीत मूळ स्वरूपात लिहिलेली, मुलगी नायिका असलेली दीर्घ चित्रकथा-मालिका रुजली नाही.

हेही पाहा

अमर चित्रकथा
इंद्रजाल कॉमिक्स
टिंकल
अनंत पै
अमृता पाटील
चिंटू (चित्रपट्टी)
मराठी बालसाहित्य